एक पाणीपाळी नदीच्या नावानं

जिंतूर-परभणी रस्त्यावरचं बोरी हे बाजारपेठेचं गाव. इथून उत्तरेला जिंतूर ओलांडून डोंगर उतरू लागलं की पूर्णा नदीवरचं येलदरी धरण लागतं. 1968 मध्ये ते पूर्ण झालं. एकूण साठा 934 दशलक्ष घनमीटर (दलघमी) आणि पायथ्याशी साडेसात मेगावॉटचे तीन संच, म्हणजे साडेबावीस मेगावॉटचं वीजघर. या वीजघरात नोकरी करून निवृत्त झालेले मामा बोरीत राहतात. परभणीच्या एका महाविद्यालयात वनस्पतीशास्त्र शिकवणारी त्यांची भाची दिवाळीला आली होती. धरणानं जंगलाचं काय केलं, यावर दोघांची जुंपली. दोघांचंही म्हणणं जमेल तितकं त्यांच्याच शब्दांत.

मामा: मघापासून जंगल बुडालं, जंगल बुडालं म्हणायलीस. येलदरीखाली जंगल होतंच कुठं? आपला जिंतूरचा डोंगर म्हणजे काय ताडोबा आहे? सालई, धावडा, पळस, मधूनच एखादा खुरटा साग. उन्हाळ्यात गेलं तर बसायला सावली सापडत नाही. राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत आपलं नाव येतं. जे नव्हतंच ते धरणानं काय बुडवावं?

भाची: मी डोंगराचं बोलतच नाही, मामा. धरणात डोंगर बुडत नाही, दरी बुडते. डोंगरावर मुरूम, तिथं सालई-धावडाच येणार. दाट झाडी होती ती खाली नदीच्या कडेनं. अर्जुन, करंज, उंबर, जांभूळ, वाळुंज. ही पट्टी जेमतेम शे-दीडशे पावलांची, त्यामुळे वनखात्याच्या नकाशात तिला जागाच नसते. पण वैशाखात डोंगर वाळला की मोर, ससा, कोल्हा, रानडुक्कर सगळे तिथंच उतरतात. आपल्या जिल्ह्यात नदीकाठची झाडी कशी असते हे बघायचं झालं तर आज पालम तालुक्यात जांभूळबेटावर जावं लागतं. गोदावरीच्या पात्रातलं बेट, जांभळीची झाडं आणि मोर.

मामा: जांभूळबेट टिकलंच ना? वर पैठणला जायकवाडी बांधूनसुद्धा टिकलं.

भाची: टिकलं म्हणून तर सहलीला जातो आपण. अशी झाडी नदीभर असती तर एका बेटाचं कौतुक कुणी केलं असतं?

मामा: बरं, मान्य. पण बदल्यात काय मिळालं ते पण सांग की पोरांना. परभणी, जिंतूर, वसमत, हिंगोली, कितीतरी गावांच्या नळाला येलदरीचं पाणी आहे. पन्नास हजार हेक्टरांवर भिजतं. आणि वीज! वीजघराची गंमत अशी की वीज पाणी खात नाही. टर्बाईनमधून जेवढं गेलं तेवढंच खाली निघालं. धूर नाही, राख नाही. तिकडं परळीच्या औष्णिक केंद्राचं काय झालं? 2015 ला पाणी नाही म्हणून बंद ठेवावं लागलं. चंद्रपूरला कोळशाच्या खाणींनी जंगल पोखरलं, वाघ वस्तीत यायले. तुला विजेसाठी जंगल द्यायचंच असेल तर कोळशाला देशील की पाण्याला?

भाची: कोळशाची बाजू मी घेणार नाही. पण वीज पाणी खात नाही, हे सगळीकडं खरं नाही. कोयनेत बघा. पाणी मुळात कृष्णेच्या खोऱ्यातलं, पूर्वेला जाणारं. बोगद्यातून ते सह्याद्रीखाली उतरवलं, वीज केली आणि चिपळूणकडं वाशिष्ठीत सोडून दिलं. पूर्वेच्या दृष्टीनं ते पाणी गेलंच. मुळशीचं तसंच. सेनापती बापटांनी 1921 ला सत्याग्रह केला तो शेतकऱ्यांच्या जमिनींसाठी. पण टाटांच्या त्या धरणानं भीमेच्या खोऱ्यातलं पाणीही घाटाखाली भिऱ्याला नेलं. तिथून ते कुंडलिकेत जातं. कोलाडला लोक रबरी होड्यांतून त्या नदीत उतरतात ना, ते भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर. पूर पावसाच्या मर्जीनं यायचा, तिथं तो वीजघराच्या वेळापत्रकानं येतो.

मामा: ती घाटावरची धरणं. आपली पूर्णा कुठं कोकणात नेली? येलदरीच्या टर्बाईनमधून सुटलेलं पाणी पूर्णेतच पडतं, पुढं सिद्धेश्वर धरणात जातं, तिथून कालव्याला लागतं. एक थेंब इकडचा तिकडं नाही.

भाची: थेंब तेवढेच राहिले, वेळ बदलली. नदीला जूनमध्ये पहिला लोंढा यायचा, भादव्यापर्यंत भरून वाहायची, मग हळूहळू आटत जायची. आता जून-जुलैचा लोंढा धरण भरायला अडतो आणि पाणी सुटतं रब्बीला, उन्हाळ्याला, पाणीपाळी ठरेल तेव्हा. म्हणजे नदी पावसाळ्यात कोरडी आणि हिवाळ्यात भरलेली. आणि सिद्धेश्वरच्या खाली तर पुरापुरती आणि मागणीपुरती.

मामा: त्यानं झाडाला काय फरक पडतो? झाडाला पाणी मिळाल्याशी मतलब.

भाची: उभ्या झाडाला कमी पडतो. रोपट्याला सगळा पडतो. जांभूळ पिकतं कधी? मिरगाच्या आगेमागे. त्याची बी वाळली की मेली, महिनाभर डब्यात ठेवून पेरायची सोय नाही. पडली की ओली माती पाहिजे, आणि ती नेमक्या त्याच वेळी येणाऱ्या पहिल्या पुरानं मिळायची. अर्जुनाची फळं पंखांची. उन्हाळ्यात काठावर पडतात, पाणी चढलं की तरंगत खाली जाऊन गाळात रुजतात. पूर आलाच नाही तर दोन्ही जागेवर वाळून जातात. जुनी झाडं उभी दिसतात म्हणून आपल्याला वाटतं काठ हिरवा आहे, पण त्यांच्याखाली पोरंबाळं नसतात. धरणाचा हा परिणाम बघायला पन्नास वर्षं लागतात, तोवर धरण बांधणारेही गेलेले असतात. माशांचंही तेच. पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्यात मासे चढणीला लागतात, अंडी घालायला उथळ पाण्यात जातात. त्या दिवसांत नदीत पाणी नसेल तर चढायचं कशात? आणि चढलेच तर पुढं भिंत.

मामा: मासा तर धरणात मुबलक आहे. कटला, रोहू. भोई लोकांचं घर त्यावर चालतं.

भाची: तो सोडलेल्या बीजाचा मासा. त्यांचं घर चालतं हे चांगलंच आहे. पण नदीतला वाम, शिवडा, झिंगा हा वेगळा कुटुंबकबिला होता. वाहत्या पाण्याचा प्रत्येक मासा साचलेल्या पाण्यात रमतोच असं नाही.

मामा: आता माझं ऐक. तू जंगलाचं म्हणतेस ना, तर महाराष्ट्रातलं सगळ्यात जपलेलं जंगल कुठं आहे? कोयनेच्या शिवसागराभोवती. 1985 ला अभयारण्य झालं, चांदोलीचंही त्याच वर्षी. चांदोलीत वारणेचं धरण. दोन्ही मिळून 2010 ला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. पुढं युनेस्कोच्या जागतिक वारशात दोन्हींची नावं. राधानगरीला धरण आणि गवे. तिकडं नागपूरकडं पेंचला तोतलाडोहचं धरण, तिथं वाघ. जिथं धरण तिथं जंगल, असं गणित दिसतंय मला. धरणानं जंगल मारलं असतं तर हे सगळं धरणाच्याच कडेला कसं?

भाची: हा तुमचा सगळ्यात भारी मुद्दा आहे आणि त्यात खरं आहे. पेंचला उन्हाळ्यात तोतलाडोहचं पाणी उतरलं की उघड्या पडलेल्या जमिनीवर हिरवं गवत येतं. चितळ तिथं जमतात, त्यांच्यामागं वाघ. त्या गवताला धरणाचंच पाणी कारणीभूत. पण कोयनेत जंगल राखलं ते पाण्यानं राखलं का? दरीतली गावं, भातखाचरं, रस्ते पाण्याखाली गेले. माणसं उठली. जे उरलं तिथं जायची वाट अवघड झाली, आणि नंतर वनखात्यानं पहारा बसवला. म्हणजे जंगलाची किंमत कोयनेच्या धरणग्रस्तांनी भरली. त्यांच्यातले कितीतरी जण इतक्या वर्षांनीही जमिनीसाठी मोर्चे काढतात. येलदरीला माणसं उठली, पण पहारा आला नाही. म्हणून धरण तेच, निकाल वेगळा. पाणी दोन्हीकडं सारखंच साचलं. एका ठिकाणी काठाला धनी मिळाला, दुसरीकडं मिळाला नाही.

मामा: काठाला धनी नाही कसा? पाटबंधारे खातं आहे. गाळपेर जमिनीचे पट्टे लिलावात देतात. पाणी उतरलं की त्या गाळावर हरभरा, ज्वारी, टरबूज असं काही पिकतं की काळ्या रानात पिकत नाही.

भाची: गाळपेर करणाऱ्याला माझा विरोध नाही, त्याचीच जमीन खाली असते कित्येकदा. पण बघा, पावसाळ्यात पाण्याखाली, हिवाळ्यात नांगराखाली, उन्हाळ्यात गुरांखाली. त्या पट्ट्यात झाड येणार कधी? येतं ते बेशरम आणि वेडी बाभूळ. नदीला काठ होता, तलावाला किनारा आहे, आणि किनारा वर्षातून एकदा कितीतरी खाली-वर होतो. एवढा बदल सोसणारी झाडं आपल्याकडं थोडी.

मामा: पक्षी सोसतात की! थंडीत ये एकदा. चक्रवाक, पट्टकादंब, नाना तऱ्हेची बदकं. जायकवाडीचा नाथसागर 1986 पासून पक्षी अभयारण्य आहे. आणि नाशिकला नांदूर मध्यमेश्वर. 2020 ला महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा कोणती ठरली? इंग्रजांच्या काळातला बंधारा आणि त्यात साचलेला गाळ! माणसानं बांधलं आणि निसर्गानं वस्ती केली. तुम्ही लोक गेलेल्याची यादी करता, आलेल्याची करत नाही.

भाची: करते. नांदूर मध्यमेश्वर हे उत्तम उदाहरण आहे. बंधारा ठेंगणा, पाणी उथळ, गाळ आणि पाणवनस्पती, म्हणून पक्षी. उथळपणा महत्त्वाचा. खोल तलावाच्या मधोमध बदकाला खायला काही नसतं, त्याला काठाचं फूटभर पाणी लागतं. आणि जे पक्षी नदीचेच, त्यांचं वेगळं. नदी सुरय उन्हाळ्यात पाण्यातल्या उघड्या बेटावर, वाळूवर अंडी घालतो. पाणी अचानक सोडलं की खालची घरटी वाहून जातात. पाणी फार उतरलं की बेट काठाला जोडलं जातं आणि कुत्री पोचतात. दोन्ही वेळा प्रश्न एकच, पाणी कधी आणि किती वेगानं.

मामा: वाळूचं नाव काढलंस म्हणून बोलतो. पूर्णेची वाळू धरणानं नेली का माणसानं? रात्री हायवा लागतात, जेसीबी लागतात. पात्रात माणूस बुडेल एवढे खड्डे. त्याचं खापर धरणाच्या डोक्यावर नको.

भाची: नाही फोडत. वाळू चोरांनी नेली हे उघड आहे. एवढंच की पूर्वी उपसलेली वाळू पुढच्या पुरात भरून यायची. आता वरून येणारी वाळू आणि गाळ येलदरीच्या तळाशी बसतो. खर्च तसाच चालू आहे, जमेची बाजू धरणानं थांबवली. दोघांचा गुन्हा एकमेकांत मिसळलेला आहे.

मामा: मग आमच्या काळात करायला काय पाहिजे होतं? धरण नको होतं? 2016 आठव. लातूरला रेल्वेनं पाणी आलं. मराठवाड्यातली धरणं तळाला गेली होती. धरणं असताना ही गत, नसती तर? आमच्या अभियंत्यांनी जंगल मोजलं नाही हे खरं, पण त्या वेळी कोणीच मोजत नव्हतं. वनसंवर्धन कायदा आला 1980 ला, येलदरीनंतर बारा वर्षांनी.

भाची: तुमच्या पिढीला दोष देत नाही. पण कायदा आल्यावर तरी मोजणी नीट झाली का? सरदार सरोवर घ्या. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातली 27 टक्के वीज. त्यासाठी नंदुरबारची 33 आदिवासी गावं आणि सातपुड्यातली साडेसहा हजार हेक्टरच्या आसपास वनजमीन. ती गावं वसवायला पुन्हा तळोद्याकडचं चार हजार हेक्टरांवर जंगल मोकळं करावं लागलं. म्हणजे जंगल दोनदा गेलं, एकदा पाण्याखाली, एकदा कुऱ्हाडीखाली. प्रकल्पाच्या अहवालात बहुतेकदा पहिलंच ठळक दिसतं. आणि आजचा नियम काय सांगतो? 25 मेगावॉटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पाला विजेच्या कारणानं पर्यावरण मंजुरी घ्यावी लागत नाही. तुमचं साडेबावीसचं वीजघर आज नव्यानं बांधलं तर सिंचनाच्या नावाखाली तपासणी होईल, विजेच्या नावाखाली नाही. नदीला मात्र मेगावॉट कळत नाहीत.

मामा: पण थांबवलेलीही आहेत की. गडचिरोलीकडचं इचमपल्ली, भोपालपट्टणम. आदिवासींनी आंदोलन केलं, बाबा आमटे उभे राहिले. ऐंशीच्या दशकात दोन्ही प्रकल्प मागं पडले. ते पाणी आपल्याच गोदावरीचं. मला तेव्हा वाईट वाटलं होतं. वीजखात्यातला माणूस मी, नदी वाया चालली वाटायचं.

भाची: आणि आता?

मामा: आता तिथं जंगल आहे, हे चांगलंच. पण वीज कुठून तरी आलीच ना? ती कोळशातून आली. तिचा धूर कुणाच्या तरी पोरांनी खाल्ला. हे तू तुझ्या वर्गात सांगतेस का?

भाची: नाही सांगत. सांगायला पाहिजे. पण पुढची फेरी बघा, ती आणखी वेगळी. सौरऊर्जा दुपारी जास्त, संध्याकाळी शून्य. म्हणून आता उदंचनाचे प्रकल्प सह्याद्रीत रांगेनं येऊ घातलेत. दिवसा पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडून वीज करायची. घाटघरचा अडीचशे मेगावॉटचा चालूच आहे. नाथसागराच्या पायथ्याशी बारा मेगावॉटचा संच याच जातीचा. यात नवं पाणी थोडं लागतं, नदी अडवायचीही गरज नसते कधीकधी. पण दोन तलाव, बोगदे, रस्ते, मनोरे, आणि जागा नेमकी घाटमाथ्याची, जिथं जंगल उरलंय तिथली. सौरऊर्जा हवी म्हणणाऱ्यांनाच हा प्रश्न सोडवावा लागणार.

मामा: म्हणजे तू पण अडकलीस.

भाची: अडकलेच. म्हणून मी धरण फोडा म्हणत नाही. मला येलदरीकडून एकच गोष्ट पाहिजे. दरवर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते, पाणीपाळ्या ठरतात. गव्हाला किती, उसाला किती, नांदेडच्या पिण्याला किती. त्या यादीत एक पाणीपाळी नदीच्या नावानं असावी. मिरगाच्या सुमाराला, थोडीच. जांभळाची बी रुजेल, मासा चढेल एवढी.

मामा: शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी काढून? आपल्या जिंतूर तालुक्यात आधीच धरण उशाला अन् कोरड घशाला. पाणी सिद्धेश्वरवरून पुढं वसमत-नांदेडकडं जातं. बोरीचा शेतकरी विचारील, आमची पाळी नाही लागली, माशाची कशी लागली?

भाची: विचारू दे. प्रश्न रास्त आहे. उपयुक्त साठा 809 दलघमी. मी त्यातला एक टक्का मागतेय. आठ दलघमी.

मामा: आठ? थांब. एक संच चालवला तर नऊशे क्युसेकच्या घरात पाणी जातं. आठ दलघमी म्हणजे... साडेतीन दिवसांच्या थोडं वर. संच पूर्ण भारावर चालला तर साडेसहा लाख युनिट वीज पण मिळेल. म्हणजे फुकट नाही जात. पण जूनमध्ये तलाव तळाशी असतो, टर्बाईनला उंची मिळत नाही. तुझी पाळी ज्या वर्षी धरण आदल्या सालात भरलं, त्याच वर्षी जमेल.

भाची: मासा दरवर्षी चढतो, मामा. आणि दुष्काळी वर्षीच नदीला जास्त गरज.

मामा: दुष्काळी वर्षी माणसाला पण. तिथं मी तुझ्या बाजूनं मत देणार नाही, आताच सांगतो. आणि आणखी एक तू विसरलीस. येलदरीतून सोडलं तर सिद्धेश्वर अडवील. तुझं पाणी दोन तासांच्या वाटेवर परत कालव्याला लागेल. खालच्या पूर्णेला द्यायचं असेल तर अर्ज एका धरणाचा करून भागत नाही. दोन्ही दरवाजांचा कर, तारखा लिही, क्युसेक लिही. जंगल, जैवविविधता असलं काही लिहिलंस तर त्या बैठकीत कोणी पान उलटणार नाही.

भाची: मग आकडे तुम्ही तपासून द्या.

मामा: तपासून देतो. सही मात्र तुझी एकटीची. मी शेतकऱ्याच्या बाजूनं बोलायला त्याच बैठकीला येणार आहे.